नॉर्मल-चार

९ मार्च

बारके,

सहा वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी तुझी खुशाली विचारायला हवी. पण ती मला आत्याकडून कळत असते आणि हे तुलाही माहीत आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, पुढे काही नाही. म्हणून कागद घेतला. कागद फाडायचा तरी आधी हातात घ्यावा लागतो.

विचारायचं एकच आहे. ठमीचा गुडघा. परवा आत्या बोलता बोलता म्हणाली की पोरीचा पाय महिनाभर दुखतोय, वाढीचं दुखणं म्हणून तू तेल लावून देतेस. कुठला पाय? दुखणं फिरतं की एकाच जागी असतं? हात लावला तर गरम लागतं का? खेळून आल्यावर दुखतं, की नुसती बसलेली असतानाही? तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. काही नसेलच, तरी जा. एक साधा एक्स-रे काढतील, दोन मिनिटांचं काम.

मी मजेत आहे. प्रयोगशाळेत तेच ते, पेशी वाढवायच्या, मोजायच्या, साहेबांची बोलणी खायची. केस पांढरे झालेत, रंगवत नाही.

पत्राला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. डॉक्टरांकडे मात्र जा.

ताई

२८ मार्च

बारके,

आत्याने तुझा निरोप दिला. ‘ताईला म्हणावं, मला फक्त शिवणकाम कळतं, दुखण्यातलं मला काय कळणार.’ ऐकून आत्या बिचारी ओशाळली. तिला वाटलं तू चिडून काहीतरी बोललीस. ते माझेच शब्द आहेत हे तिला कुठे आठवणार.

मला आठवतात. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात माणसं बसलेली असताना, तू म्हणालीस, ‘ताईने आईला भाजून मारलं.’ आणि मी म्हणाले, ‘शिवणकाम करणाऱ्यांनी शिवणकाम करावं.’ इतकी शांतपणे म्हणाले की सगळ्यांना मीच समजूतदार वाटले. तेव्हापासून हे घोंगडं भिजत पडलंय.

तर मग शिवणकामातलंच सांगते, कारण मला काहीतरी सांगायचंय आणि त्याला सरळ हात घालायचा धीर होत नाहीये.

शिवताना दोरा तुटला की तू काय करतेस? पाय पॅडलवरून काढतेस. आधी थांबतेस. मग तुटलेलं टोक शोधून पुन्हा ओवतेस. आणि कापडच फाटलं असेल तर तो तुकडा बाजूला टाकतेस, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढू देत नाहीस. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी हेच करते. तिच्या आत जी लांबलचक सूचनांची दोरी असते, ती रोज कुठे ना कुठे तुटते. उन्हाने, धुराने, काहीच कारण नसतानाही. दोरी तुटली की पेशीतलं एक प्रथिन जागं होतं आणि वाढ थांबवतं. दुरुस्ती होते. दुरुस्ती जमलीच नाही, तर तेच प्रथिन पेशीला मरायला लावतं. पेशी मुकाट्याने मरते. ते प्रथिन बिघडलं, तर पेशी तुटकी दोरी घेऊन तशीच पुढे दुणावत जाते. गाठ होते ती अशी.

आमच्याकडे हेच बघतात. बशीत पेशी वाढवायच्या, त्यांना क्ष-किरणांचा ठरलेला मारा द्यायचा आणि कोण थांबतं, कोण थांबत नाही ते मोजायचं. तुलनेला धडधाकट माणसाच्या कातडीतल्या पेशी लागतात, त्यांना आम्ही ‘नॉर्मल’ म्हणतो. एक, दोन, तीन जुन्या झाल्या. आता नॉर्मल-चार चालू आहे. आणि नॉर्मल-चार थांबत नाही. म्हणजे निम्म्या थांबतात, त्याही उशिरा. बाकीच्या काही झालंच नाही अशा वाढत राहतात.

साहेबांना आम्ही हेडमास्तर म्हणतो. हेडमास्तरांचं मत, मी बशांची अदलाबदल करतेय. बावीस वर्षांत माझी एक बशी इकडची तिकडे झालेली नाही. आमच्याकडे एक पीएच.डी. करणारी मुलगी आहे, तिचं सगळं काम नॉर्मल-चारवर उभं आहे. ती परवा थंड खोलीत जाऊन रडली आणि डोळे पुसून येऊन मलाच म्हणाली, ‘ताई, तुम्ही मनावर घेऊ नका.’

ठमीला नेलंस का?

ताई

१७ एप्रिल

बारके,

मागच्या पत्रात आडपडदा ठेवला. आज ठेवत नाही, नाहीतर मी हे कधीच लिहिणार नाही.

गेल्या वर्षी नॉर्मल-चारसाठी एका माणसाने कातडीचा नमुना दिला होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा, पोहणारा, सशक्त. त्याची सही, संमती, सगळं रीतसर. तो नमुना माझ्या हातून नासला. इनक्युबेटरच्या तळाशी पाण्याचं भांडं असतं, ते मी आठवडाभर बदललं नव्हतं, आणि बशीत बुरशी आली. नाकाने कांदे सोलणारी बाई मी, दुसऱ्यांना सतत हात धुवायला सांगणारी. तो माणूस परदेशी निघून गेला होता. हेडमास्तर पुढच्या आठवड्यात पेशी मागणार होते.

दवाखान्यातली नर्स माझी मैत्रीण आहे. तिला म्हटलं, माझ्या दंडातून घे. आतल्या बाजूने, मसुराच्या दाण्याएवढं. एक टाका पडला. बशीवर मी नॉर्मल-चार लिहिलं आणि विसरून गेले. स्वतःच्या पेशी स्वतः वाढवायच्या नाहीत, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे, आणि नव्या मुलांना तो मीच शिकवते.

तर नॉर्मल-चार म्हणजे मी.

हे लक्षात यायला मला किती वेळ लागला ते ऐक, तुला हसू येईल. तीन महिने मी यंत्र तपासत होते. औषधं बदलली, बशा बदलल्या, त्या पोरीकडून मोजणी पुन्हा करून घेतली. एके दुपारी खुर्चीवर बसून दंडावरचा व्रण खाजवत होते आणि हात तिथेच थांबला. बशीत बिघाड नाही. बशी खरं सांगतेय.

मग मामा आठवला. आईचा भाऊ, अकरा वर्षांचा असताना गेलेला. मांडीचं हाड, गुडघ्याच्या वर. सुरुवातीला सगळे म्हणत होते, वाढीचं दुखणं आहे. आणि आई, पहिली गाठ बावन्नाव्या वर्षी. हे एका घरात उगाच होत नाही. हे रक्तातून खाली येतं, निम्मी शक्यता. आईकडून मला आलं, म्हणजे तुलाही आलेलं असू शकतं. तुला आलं असेल तर ठमीलाही.

मी सात आठवडे हे पोटात घेऊन कामावर जातेय. साहेबांना सांगितलं तर नोकरी जाईल. नाही सांगितलं तर त्या मुलीचं वर्ष वाया जाईल. रोज सकाळी इनक्युबेटर उघडते आणि मी तिथे वाढत असते. बंद केला तरी वाढत असते.

तिला घेऊन जा, बारके. पाया पडते.

ताई

२ मे

तुझं पाकीट आलं. घाईत उघडलं, कडेने फाटलं. आत हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. गुडघा स्वच्छ, वाढीचंच दुखणं, सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा. मी टेबलाशी बसून ती चिठ्ठी पाच वेळा वाचली आणि रडले, खोटं कशाला बोलू.

खाली तुझ्या अक्षरात एकच ओळ. ‘रक्ताचं म्हणतेस तर तुझा रिपोर्ट पाठव.’

रिपोर्ट नाहीये, बारके. लिहिते सविस्तर.

११ मे

बारके,

रिपोर्ट नाहीये, कारण मी तपासणीच केलेली नाही.

तुला दहा वेळा सांगतेय जा, जा, आणि स्वतः मात्र बशीच्या आड लपून बसलेय. बशीत दिसलं ते प्रयोगशाळेचं असतं, त्याला नंबर असतो, नाव नसतं. कागदावर माझं नाव आलं की ते माझं होतं. शिवाय मला वाटलं होतं, तुम्हा दोघींची तपासणी परस्पर होईल आणि तुम्हाला काही नाही निघालं तर मला बघायलाच नको. शहाणी माणसं किती मूर्ख असतात बघ.

तुझी ओळ वाचली आणि मुकाट्याने आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. खोली एवढीशी, दोन खुर्च्या, खिडकीला जाळी. ती म्हणाली, ‘तुमच्या बहिणीची आत्ताच तपासणी केली आणि काही सापडलं नाही, तर त्याचा भरवसा धरता येणार नाही. आधी घरातल्या एकीत नेमका बिघाड कुठे आहे ते कळायला हवं. मग बाकीच्यांत तोच शोधायचा. नसेल तर नाहीच.’

मी विचारलं, ‘म्हणजे भाचीचं कळायला आधी माझं कळायला हवं?’

‘आधी तुमचं. मग बहिणीचं. बहिणीत नसेल तर मुलीला हात लावायची गरजच नाही.’

तू वाक्य लिहिलंस ते रागाने लिहिलंस, पण बाईंनी सांगितलं ते नेमकं तेच होतं. रक्त देऊन आले. चार आठवडे लागतात.

तिथून सरळ हेडमास्तरांच्या खोलीत गेले आणि बुरशीपासून सगळं सांगितलं. ते आधी टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते, मग तो सोडून दिला. म्हणाले, ‘बावीस वर्षं तुमच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला.’ मी म्हटलं, हो. मग म्हणाले, ‘पेशी नष्ट कराव्या लागतील.’ मी म्हटलं, हो. दारापर्यंत गेले तर त्यांनी हाक मारली. ‘रीतसर संमती दिलीत तर ठेवताही येतील. अशा पेशी सहज मिळत नाहीत.’ संशोधक शेवटी संशोधकच. मला हसू आलं आणि त्यांना ते आवडलं नाही.

नोकरी गेली नाही. पेशींच्या खोलीत मला आता प्रवेश नाही. तळघरात काचेची भांडी धुवायला घातलंय. खिडकी नाही, वाफ असते, आणि दार बाहेरून ओढून घेतल्याशिवाय नीट लागत नाही, म्हणून येणारा जाणारा ते ओढून घेतो. पीएच.डी.वाली मुलगी एकदा खाली आली होती. मी माफी मागितली. ‘वर्ष गेलं माझं, ताई. तुमच्यावर रागवायचं ठरवून आले होते, आता ते पण जमत नाहीये,’ म्हणाली. नॉर्मल-पाच तिने स्वतः सुरू केलंय.

ताई

९ जून

बारके,

रिपोर्ट सोबत जोडलाय. दुसऱ्या पानावर जाड ठशात आहे ते. पहिलं पान सोडलंस तरी चालेल, त्यात नुसती भाषा आहे.

आहे मला.

डॉक्टरबाईंनी चांगलं समजावलं. प्रत्येक पेशीत त्या प्रथिनाच्या सूचनेच्या दोन प्रती असतात, आईकडची एक आणि वडिलांकडची एक. माझी आईकडची बिघडलेली. वडिलांकडच्या एकटीवर मी सत्तेचाळीस वर्षं काढली. दर वर्षी अख्ख्या शरीराचं स्कॅनिंग, चुंबकाचं, किरणांचं नाही. आणि किरण शक्यतो टाळायचे. ‘गरजेपुरता एक्स-रे ठीक आहे,’ ती म्हणाली, ‘पण किरणोपचार करायची वेळ आली तर तुमच्यासारख्यांच्या बाबतीत आम्ही दहादा विचार करतो. दोरी तुटते आणि थांबवणारं कोणी नसतं. त्याच जागी काही वर्षांनी दुसरी गाठ येऊ शकते.’

मी विचारलं, ‘किती वर्षांनी?’

‘पाच, सात, दहा.’

आईला सात वर्षांनी आली, बारके. त्याच बाजूला, त्याच चौकोनात, जिथे किरण देण्यासाठी तिच्या कातडीवर शाईने खुणा केल्या होत्या.

बाई म्हणाली की सिद्ध करता येणार नाही. ती गाठ एरवीही आली असती. त्या वेळच्या डॉक्टरांना माहीत असणं शक्य नव्हतं. हे सगळं खरं आहे आणि मी ते अवघ्या जगाला समजावून सांगू शकते. तुला नाही सांगू शकत. तू म्हणत होतीस, आईला ती आग नको देऊ. तुझ्याकडे कारण नव्हतं, नुसती भीती होती, आणि मी त्या भीतीला हसले. तुझं खरं होतं. हे मी लेखी देतेय.

आता तू जा. रिपोर्ट घेऊन जा, त्यांना फक्त तेवढीच जागा बघायची आहे.

ताई

१ जुलै

बारके,

काही कळलं का? आत्याला विचारलं तर ती विषय बदलते. तिला काही माहीत नाही, की माहीत आहे म्हणून बदलते? तळघरात माझा फोन लागत नाही. तासातासाला जिना चढून वर येते, फोन बघते, पुन्हा खाली जाते. शिपाई म्हणतो, ‘ताई, वजन कमी करताय का?’

ताई

१४ जुलै

बारके,

काल तुझा फोन आला तेव्हा मी जिन्यात होते, हातात भांडी धुवायचे ओले रबरी हातमोजे. सहा वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणालीस, ‘ताई, मला नाहीये. ठमीला पण नाही म्हणजे.’ मागे तुझी मशीन चालू होती, तुझ्याकडची बाई काहीतरी शिवत होती.

मी ‘बरं झालं’ म्हणाले. फोनवर तेवढंच सुचलं. खरं काय वाटलं ते आता लिहिते, कारण मला तुझ्याशी पुन्हा खोटेपणाने सुरुवात करायची नाही. ठमीसाठी मला अतोनात आनंद झाला. आणि त्याच क्षणी मला तुझा राग आला. एकाच आईच्या पोटच्या दोघी, तुला चांगली प्रत आणि मला ही. तू सुटलीस. मी आत राहिले, आता एकटीच. दहा मिनिटं मी तुझा मनापासून द्वेष केला आणि मग हातमोजे धुवायला घेतले.

तू म्हणालीस, ‘माझा राग संपला असं नाही. पण पहिल्या स्कॅनला तू एकटी जायचं नाहीस, मी येते.’ तिकीट काढते म्हणालीस.

काढू नकोस. आधी हे वाच.

आईच्या किरणांचा फॉर्म भरायच्या दिवशी सकाळी तू फोनवर रडत होतीस. आठवतं तुला. तू म्हणालीस, ‘ताई, माझ्या वतीने आईला विचार. तिला नको वाटत असेल तर नको करू. तिला सांग की बारकी नको म्हणते.’ मी सांगते म्हणाले. आणि आजवर तुझी अशी समजूत आहे की मी सांगितलं आणि आईने तुझं ऐकलं नाही. ‘आई तुझंच ऐकते, माझं कधी ऐकलंय,’ हे तू किती वेळा म्हणालीस. मी दर वेळी ऐकून घेतलं.

मी सांगितलंच नाही.

आई कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती. मांडीवर फॉर्म, हातात पेन, टोपण काढलेलं. तिलाही नको होतं. तोंडाने बोलली नाही, पण पेन टेकवत नव्हती. मला म्हणाली, ‘बारकी काय म्हणते गं?’

मी म्हटलं, ‘ती पण हो म्हणते.’

तिने सही केली. वर मी तिला सांगितलं की बारकीकडे हा विषय काढू नको, ती रडते. आणि तुला सांगितलं की आईकडे विषय काढू नको, ती थकते. दोघींनी माझं ऐकलं. मला वाटलं मी तिचा जीव वाचवतेय. तेव्हा खरंच वाटलं होतं, आणि सात वर्षं तर तिचा जीव वाचला असंच मी मानत होते. दुसरी गाठ आली तेव्हा ती मला म्हणाली, ‘तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.’ ती गेली तेव्हा तिच्या मते तू हो म्हटलेलं होतंस.

आणि दुसऱ्या दिवशी तू मला जे बोललीस, त्यावर मी तुला शिवणकाम सुनावलं.

माझ्या पेशी थांबत नाहीत त्याला माझा इलाज नाही, त्या तशाच जन्मल्या. त्या बाकावर मात्र मी थांबू शकत होते. फोन माझ्या हातात होता, तुला लावून आईच्या कानाला धरला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

हे तुला पुढच्या महिन्यात सांगता आलं असतं. किंवा कधीच नाही. तू आली असतीस, स्कॅनच्या खोलीबाहेर बसली असतीस, आपण एकत्र घरी गेलो असतो, आणि मला ते हवं होतं. मार्चपासून दुसरं काहीच नको होतं, ठमी सोडली तर. पण मग तू ज्या ताईसाठी आलीस, ती मी नसते.

पत्र आजच टाकतेय, गुरुवारपर्यंत तुला मिळेल. माझी वेळ सोमवारी सकाळी साडेनऊची आहे. पाऊण तास त्या नळीत न हलता पडून राहायचं असतं, हातात एक रबरी बटण देतात, घाबरलं तर दाबायला. फॉर्ममध्ये सोबत येणाऱ्याचं नाव विचारतात. मी खालची ओळ वाचली, सोबत कोणी नसलं तरी चालतं.

ताई